काहिलीचा तडा

कोण्या एका काळी, उसाच्या मुलखात, तुळाजी गुऱ्हाळवाला, त्याची बायको येसू आणि लेक मंजुळा असं तिघांचं घर होतं.

तुळाजी मनानं लोण्यासारखा. गड्यांना आधी जेवू घालायचा, मग आपण जेवायचा. पण एक खोड होती बरं का! कुणी म्हटलं, "मालक, बैल लंगडतोय," की हा म्हणायचा, "तुला दिसलं ना? मग तूच बघ." झालं! तो गडी भर उन्हात बैल घेऊन वैदूकडे. वर आपलं काम होतं तिथंच. तुळाजीला वाटायचं, ज्याला दिसलं त्यालाच ते नीट जमेल.

हळूहळू गुऱ्हाळात कुणाला काही दिसेनासंच झालं.

मंजुळेचं लग्न ठरलं. गावजेवणाच्या पुरणपोळीला घरचाच गूळ हवा, असा बापाचा हट्ट. रस उकळायची मोठी काहील चुलीवर चढली. तिच्या बुडाला बारीक तडा होता.

"तुला काही दिसतंय का रे?" चरकावरच्या शिद्रामनं हळूच विचारलं.

"अंधारात मला दिसत नाही, बाबा," जाळ घालणारा म्हादू म्हणाला.

"भर दुपार आहे की!"

"मग उन्हानं डोळे दिपले असतील."

रसाला कढ आला, तडा उकलला, सगळा रस जाळात सांडला. चूल विझली. मंजुळेचे डोळे भरले.

"अरे, इतक्या डोळ्यांत एकालाही दिसलं नाही?" तुळाजी ओरडला.

"मला दिसलं होतं," येसू म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"गेल्या साली गाळणं फाटलंय म्हटलं, तर अजून मीच शिवतेय. काहील कुठून शिवू, धनी?"

म्हादूला हसू आवरेना. तुळाजी मटकन खाली बसला. मग म्हणाला, "चुकलं माझं. सांगणं तुमचं, निस्तरणं माझं. बोला, आणखी काय दिसतंय?"

"चरकाची खीळ निसटायला आलीय," शिद्राम पटकन बोलला.

तुळाजी स्वतः लोहाराकडे गेला. काहिलीला ठिगळ लागलं, खीळ बदलली. फडात उरलेल्या थोड्या उसाचा एक थेंबही वाया गेला नाही. गूळ उतरला सोन्यासारखा. मंजुळेच्या लग्नात सगळं गाव पोटभर पुरणपोळी जेवलं, आणि त्या घरावर लक्ष्मी कायमची प्रसन्न झाली.

लेकरांनो, चूक दाखवणाऱ्याच्याच डोक्यावर तिचं ओझं टाकलं, तर डोळस माणसंही आंधळी होऊन बसतात.