तिवरांचं तारू

खूप खूप वर्षांपूर्वी, खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. गाव ख्रिस्ती होतं, भाविक होतं आणि थोडं हट्टीही होतं. तिथल्या एका गवंड्याला गावच्या टेकडीवर नवं चर्च बांधायचं काम मिळालं.

गवंडी हाडाचा कारागीर. त्याने ठरवलं, चर्च तारवाच्या आकाराचं करायचं. जलप्रलयात देवाने ज्या तारवात जीव वाचवले, अगदी तसं. बारा प्रेषितांचे बारा खांब. वेदीमागच्या भिंतीत क्रुसाच्या आकाराची फट, म्हणजे सकाळचं ऊन थेट वेदीवर पडेल. छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यात साठेल आणि त्यानेच पोरांचा बाप्तिस्मा होईल. वर त्याने गावासमोर शपथ घेतली, "या चर्चला बाहेरगावचं काही म्हणजे काही लागणार नाही. सगळं आपल्याच मातीतलं!"

गावाने त्याला डोक्यावर घेतलं. घराघरांतून टोपल्या भरून शिंपले आले, ते भाजून चुना झाला. कौलं गावच्या कुंभाराने दिली. राहता राहिलं छपराचं लाकूड. खाडीकाठी तिवरांचं दाट रान होतं. गवंड्याने तिथे कुऱ्हाड लावली.

त्याची एकुलती एक लेक त्या रानामागच्याच वस्तीत दिली होती. ती धावत आली.

"बाबा, आता पुरे करा. भरतीचं पाणी पार अंगणात येतंय. पूर्वी कधी येत नव्हतं."

"मग देवाच्या घराला लाकूड नको?"

"डोंगरापलीकडून आणा की."

"आणि माझी शपथ? लोक तोंडावर हसतील." खरं सांगायचं तर गवंड्याला देवापेक्षा लोकांचीच धास्ती जास्त होती. "अगं, देवाचं काम आहे. तो तुला बुडू देईल का?"

लेक आल्या वाटेने वस्तीकडे परत गेली.

चर्च उभं राहिलं, आणि खरंच देखणं झालं. त्याच वर्षी मोठं वादळ आलं. समुद्र खाडीत घुसला आणि त्याला अडवायला काठावर तिवरं नव्हती. टेकडीवरचं चर्च जागचं हललं नाही. खालची वस्ती मात्र सगळी वाहून गेली. चौथ्या दिवशी गवंड्याला चिखलात लेक सापडली. त्याने स्वतःच्या हातांनी तिला मातीआड केलं.

पुढे दूरदूरचे लोक चर्च बघायला येऊ लागले. एक थोर धर्मगुरू छपराकडे बघत म्हणाले, "धन्य आहे तुमची! एवढ्या वादळात एक कौल हललं नाही. देवाचा हात होता पाठीशी."

"होता ना, फादर," गवंडी म्हणाला. "खाडीकाठी होता. मीच तो तोडला आणि इथे छपराला लावला."

त्यानंतर गवंड्याने थापी हातात धरली नाही. मरेपर्यंत तो चर्चच्या पायरीवर बसायचा, पण आत कधी गेला नाही.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: देवासाठी घर बांधायला निघालेल्याने देवानेच आपल्यासाठी घातलेली भिंत पाडू नये.