चरित्रांचं कपाट

ग्रंथपाल कुमुदिनीबाईंनी मला बजावलंय, हे कुणाला सांगायचं नाही.

वाचनालयाच्या सभेत अध्यक्ष गुळवणीसाहेबांनी दरडावून विचारलं, "थोरांची चरित्रं कोणाकोणाला आवडतात? हात वर करा!"

चाळीसच्या चाळीस हात वर गेले.

"ठरलं तर! भुताच्या गोष्टी उद्याच रद्दीत."

बाई गोंधळल्या. रोज भांडणं होतात ती भुतांसाठी, मग हे हात कसले? त्यांनी पुन्हा मोजले. चाळीसच!

शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, चरित्रांच्या कपाटाची किल्ली दिवाळीत हरवलीय. आता शिमगा आला, पण अजून एकानंही मागितली नाही."

हात भराभर खाली आले. भुतं आपल्या कपाटातच राहिली.

जाताना साहेबांनी कोटाआड एक पुस्तक दडवलं. मुखपृष्ठावर हाडांचा सापळा आणि खाली नाव होतं—

"मंजिरी, इकडे ये गं आधी!" बाईंनी मला हाक मारली.