गुळव्या आणि रंगीत खड्यांचा पट

खूप जुन्या काळची गोष्ट. तेव्हा बैल बोलत, आणि माणसं बहुतेक वेळा ऐकून घेत.

एका गावात एक गुळव्या होता. गुळव्या म्हणजे उसाचा रस उकळून गूळ करणारा. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उकळून दाट होतो, आणि एक घडी अशी येते की तेव्हाच काहील उतरवावी लागते. आधी उतरवली तर गूळ धरत नाही. उशीर झाला तर करपतो. बाकीचे गुळवे रसाचा थेंब गार पाण्यात टाकून बघत. हा बघत नसे. रस पिकला की काहिलीतून फट् फट् आवाज येतो. तो ऐकून हा आरोळी देई आणि माणसं काहील उतरवत. आजवर कधी चुकला नव्हता, आणि त्याचा त्याला फार ताठा होता.

त्या वर्षी त्याच्या बायकोने घरामागच्या पट्ट्यात ऊस लावला. विहिरीवरून घागरीने पाणी आणून वाढवला. नवऱ्याने जन्मभर दुसऱ्यांचा गूळ केला होता, घरचा यंदा पहिल्यांदाच व्हायचा होता. ऊस थोडा, जेमतेम एका काहिलीचा.

हंगामाच्या तोंडावर गावात एक फिरस्ता आला. त्याने गुळव्याला एक लाकडी पट दिला. पटावर चौकटी, चौकटीत रंगीत खडे.

"दाम काय?" गुळव्याने विचारलं.

"काही नाही. बसा आणि खेळा," फिरस्ता म्हणाला, आणि चालू लागला.

एका रंगाचे तीन खडे ओळीत आले की फट्‌दिशी फुटून नाहीसे होत, आणि मधूनच एखादा नवा खडा वरून पडे. सगळा पट रिकामा झाला की जिंकलं. पण चाली मोजक्या. त्या संपल्या की खडे काळे पडत आणि सावली हातभर सरकेपर्यंत हलत नसत. दुसऱ्या कुणाला पटापाशी आणून बसवलं, तर मात्र लगेच रंग चढे. म्हणून गुळव्या दिसेल त्याला हाताला धरून आणू लागला. पुढे पुढे लोक त्याला लांबून बघून वाट बदलू लागले.

खालच्या ओळी आधी फोडाव्यात, हे त्याला कळलं. कोपरे लवकर मोकळे करावेत, हेही कळलं. तांबडे खडे राखून ठेवावेत, हे फार उशिरा कळलं. इतकं कळूनही शेवटी एक खडा उरेच. हिरवा हवा असला की पिवळा पडे. पिवळ्याची सोय करून ठेवावी, तर पिवळा तोंड दाखवत नसे. गुळव्या पट आपटे, शिव्या घाली, पुन्हा मांडी घालून बसे.

"अहो, भाकरी गार झाली," बायको म्हणे.

"एकच खडा राहिलाय."

"कालपण एकच राहिला होता."

"कालचा निळा होता."

घाण्याचा बैल एकदा म्हणाला, "धनी, मीही दिवसभर गोलच फिरतो. पण माझ्या फिरण्याने रस तरी निघतो."

गुळव्याने त्याच्यापुढे वैरण टाकली, म्हणजे तोंड गुंतून राहील.

शेवटी घरच्या उसाचा दिवस आला. रस काहिलीत पडला. काहिलीखालच्या खड्ड्यात जळव्या पिळलेल्या उसाची चिपाडं सारून जाळ घालत होता. त्याला वरची काहील दिसत नाही. गुळव्याची आरोळी आली की त्याने थांबायचं, एवढंच त्याचं काम. रसावरची मळी काढून झाल्यावर काहील उतरवणारी माणसं आरोळीची वाट बघत लांब झाडाखाली जाऊन बसली, आणि गुळव्याने पट मांडीवर घेतला.

"आज तरी राहू द्या तो," बायको म्हणाली.

"माझं काम कानाचं आहे. डोळे रिकामेच असतात."

घरचा पहिला गूळ निघाला की आळीतल्या बायांना बोलवायचं, आणि गरम गूळ केळीच्या पानावर घालायचा, अशी त्या गावाची रीत होती. ती बोलवायला गेली.

त्या दिवशी पट चांगला लागला. कोपरे मोकळे झाले. राखलेले तांबडे एकेक करून फुटू लागले. फट्. फट्. पलीकडे काहिलीतही फट् फट् सुरू झालं. गुळव्याला वाटलं, आपल्याच ओळी लागताहेत.

"धनी, वास येतोय," बैल म्हणाला.

"थांब जरा."

"करपल्याचा येतोय."

"शेवटचा खडा आहे रे, थांब म्हणतो ना."

शेवटचा खडा फुटला. पट रिकामा झाला. इतक्या दिवसांत प्रथमच. कुणाला तरी सांगावं म्हणून गुळव्याने मान वर केली.

समोर आळीतल्या बाया पानं घेऊन उभ्या होत्या. काहिलीतून काळा धूर निघत होता. खड्ड्यात जळव्या अजून चिपाडं सारत होता, त्याला कुणी थांब म्हटलंच नव्हतं. एका म्हातारीने आपलं पान मुकाट्याने दुमडलं आणि पदराआड घेतलं.

बायकोने काडीने काहिलीतलं थोडं उचललं, जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं.

"जिंकलात?" तिने विचारलं.

"हो."

"काय मिळालं?"

गुळव्याने पटाकडे बघितलं. रिकाम्या चौकटी पुन्हा खड्यांनी भरल्या होत्या. तसाच पट, तसेच खडे, फक्त त्यांत एक नवा रंग होता.

"आणखी एक रंग," तो म्हणाला.

तिने बैल सोडला आणि ती घरी निघून गेली.

पुढच्या हंगामात गावाने परगावचा गुळव्या आणला. तो थेंब पाण्यात टाकून बघतो. आपला गुळव्या खाली खड्ड्यात बसून चिपाडं सारतो, आणि दुसऱ्याच्या आरोळीची वाट बघतो.

जो खेळ जिंकल्यावर फक्त पुढचा डाव देतो, त्याच्यापायी हातातलं काम सोडू नये.