तिसऱ्यांदा विचारणारा राजा

एका राज्यात माणसं फार आग्रही होती. इतकी आग्रही, की वाटसरूसुद्धा त्या गावांतून जाताना पोट रिकामं ठेवूनच जात. तिथली रीतच तशी होती. दारात आलेल्याला विचारायचं, "बसणार नाही का?" ताटावरून उठणाऱ्याला विचारायचं, "अजून थोडं घेणार नाही का?" समोरच्यानं पहिल्यांदा 'नाही' म्हणायचं, ते संकोचानं. दुसऱ्यांदाही 'नाही' म्हणायचं, ते मानानं. मग तिसऱ्यांदा विचारलं, की माणूस वहाणा काढून राहायचा. सगळ्यांना हे ठाऊक होतं, त्यामुळे कुणाच्या मनाला लागत नसे.

फक्त राजा रत्नकेतूला ही रीत बिलकूल पटत नसे. लहानपणापासून त्याचे दिवस सेनापतीच्या छावणीत जात. तिथे एक प्रश्न, एक उत्तर, की चालू लागा! तो आईला म्हणे, "मातोश्री, हवं असेल तर सरळ विचारावं. जेवतोस का? राहतोस का? आधी आपणच 'नाही' म्हणून मग विचारायचं, हे काय बोलणं झालं?"

राणी इंदुवदना हसायची. "अरे, सरळ विचारलं की नाही म्हणणं सोपं जातं. 'राहणार नाहीस का' म्हटलं, की त्याला कळतं, आपण गेलो तर हिला वाईट वाटणार आहे."

"मग वाईट वाटेल असंच सांगावं."

"तेच तर सांगते रे बाबा!"

धाकटा पुष्पकेतू मात्र आईच्या वळणावर गेलेला. तो घोड्यालासुद्धा विचारायचा, "गवत खाणार नाहीस का रे?" दोघे भाऊ ह्यावरून भांडायचे, चिडवायचे आणि एकाच ताटात जेवायचे. काय दिवस होते ते! पुढे रत्नकेतूला त्या ताटाची आठवण आली, की घास घशाखाली उतरत नसे.

वडील गेले, रत्नकेतू गादीवर बसला. शस्त्रागाराला जागा हवी म्हणून त्यानं अंगणातली बकुळ तोडली. ती आईनं लावलेली. पुष्पकेतू संतापला. भरल्या दरबारात म्हणाला, "दादा, मी हे राज्य सोडून जातो."

सगळा दरबार राजाच्या तोंडाकडे बघू लागला. राजानं आपल्या पद्धतीनं एकदाच विचारलं, "राहतोस का?"

"नाही," पुष्पकेतू म्हणाला, आणि थांबला. दाराशी जाऊन पुन्हा थांबला.

राजा म्हणाला, "बरं."

एवढंच! आता या माणसाला काय म्हणावं? पुष्पकेतू गेला तो गेलाच. वर राजानं हट्टानं फर्मान काढलं, की राज्यात कुणीही कुणाला एकदाच विचारावं. राणी इंदुवदना रोज उंबऱ्यात बसून वाट बघायची. तिसऱ्या वर्षी तिनं डोळे मिटले. आणि हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं, की या राज्यातून बाहेर गेलेलं माणूस परत येईनासं झालंय. व्यापारी गेले, जावई गेले, रुसलेल्या सुना गेल्या. एकही माघारी आला नाही.

बारा वर्षं झाली. एका सकाळी राजा एकटाच जेवायला बसला असता आईनं पाळलेली साळुंकी खिडकीत येऊन बसली. साळुंकी म्हणाली, "महाराज, ज्याला एकदाच विचारून जाऊ दिलं, तो कालभृंग मांत्रिकाचा होतो, असा त्याच्या वनाचा नियम आहे. तुमचा भाऊ तिथे उभा आहे. वर्षाला अर्धी वीत याप्रमाणे तो पायांपासून दगड होत चालला आहे. आता दगड हनुवटीला टेकलाय."

राजानं हातातला घास तसाच खाली ठेवला. घोडा काढला आणि निघाला. साळुंकी पुढे, राजा मागे.

पहिली लागली नदी. पूर आलेला, नाव नाही, उतार नाही. राजानं विचारलं, "वाट देतेस का?"

"नाही," नदी म्हणाली.

राजानं घोडा वळवला. खरंच वळवला! जन्माची सवय ती. साळुंकी ओरडली, "अहो महाराज, भावाला आणायला निघालात ना?"

राजा खजील झाला. घोड्यावरून उतरला. "वाट देणार नाहीस का?"

"नाही."

दुसरा नकार ऐकून त्याच्या कानशिलांना आग लागली. राजानं असं याचकासारखं उभं राहायचं? पण त्याला दाराशी थांबलेला भाऊ दिसू लागला. त्यानं हात जोडले. "माय, खरंच देणार नाहीस का गं?"

नदी दुभंगली. मधून कोरडी वाट पडली. नदी म्हणाली, "बारा वर्षांत या काठी तिसऱ्यांदा विचारणारा तू पहिलाच." राजा पार झाला.

दुसरी लागली गुहा. तिच्या तोंडाशी शापित खजिना आणि त्यावर वेटोळं घालून बसलेला नाग. साळुंकी कानात म्हणाली, "इथे त्याला विचारू द्या. तुम्ही तिन्ही वेळा नाही म्हणा. एक कवडी उचललीत, तर भाऊ विसरा."

नाग म्हणाला, "राजा, ही माणकं घेणार नाहीस का?"

"नाही."

"हा मुकुट घेणार नाहीस का? हा ज्याच्या डोक्यावर, त्याला मरण नाही."

"नाही."

मग नागानं शेपटीनं एक चांदीची वाटी पुढे सरकवली. काठाला पोचा आलेली लहानशी वाटी. याच वाटीत आई दूधभात कालवायची, एक घास याला, एक घास त्याला. नाग आईच्याच आवाजात म्हणाला, "बाळा, घेणार नाहीस का?"

राजाला रडूच कोसळलं. त्या आवाजाला तो आयुष्यभर 'सरळ बोल' म्हणत आला होता, आणि आता तोच आवाज ऐकायला जीव तुटत होता. हात पुढे गेला. बोटं वाटीला लागणार, इतक्यात त्यानं मूठ आवळली.

"नाही गं आई," तो म्हणाला. नाग बाजूला सरला.

गुहेपलीकडे वन होतं. झाडांपेक्षा दगडी माणसंच जास्त. कुणाच्या डोक्यावर बोचकं, कुणी मागे वळून बघणारं. मधोमध पुष्पकेतू उभा होता. केस पांढरे झालेले, डोळे तेच. शेजारी कालभृंग मांत्रिक.

मांत्रिक म्हणाला, "विचार. पण याच्या प्रत्येक नकाराला दगड दोन बोटं वर चढेल. तिसऱ्यांदा होकार आला नाही, तर हा आख्खा माझा. न विचारता परत गेलास, तर हा आहे तसा जगेल."

राजा भावासमोर उभा राहिला. "पुष्पा, घरी येणार नाहीस का?"

"नाही," भाऊ म्हणाला. दगड खालच्या ओठाला लागला.

"येणार नाहीस का रे? बकुळ तोडली ती चूक झाली माझी."

पुष्पकेतूचे डोळे भरले. तरी रीत ती रीत. "नाही," तो म्हणाला, आणि दगडानं त्याचे ओठ झाकून टाकले.

मांत्रिक खदखदा हसला. "आता विचार हवं तितकं! तोंडच नाही, होकार देणार कशानं?"

विचारावं, तर भाऊ कायमचा जाईल. गप्प राहावं, तर निदान हे डोळे तरी उघडे राहतील. पण ते डोळे त्याच्याकडे लागलेले होते. बारा वर्षांपूर्वी दरबारात लागले होते, अगदी तसे.

"आईनं तुझी वाट बघत प्राण सोडला," राजा म्हणाला. "ताटावर बसलो, की मी अजून निम्मी जागा सोडतो. मला एकट्याला जेवण जात नाही. पुष्पा, माझ्यासाठी येणार नाहीस का?"

वनात पानही हललं नाही. मांत्रिकानं हात उगारला.

पण परक्या मुलखातल्या मांत्रिकाला कुठलं ठाऊक असायला! त्या राज्यात तिसऱ्यांदा विचारल्यावर तोंडानं कुणी उत्तर देतच नाही. पायातल्या वहाणा काढतात, झालं. खाली दगडात कट्कन आवाज झाला. एक चीर गेली. पुष्पकेतूचा अंगठा हलला, टाच हलली, आणि उजव्या पायाची वहाण निघून बाजूला पडली. मग डावी. चीर गुडघ्यावर गेली, छातीवर गेली, आणि दगड टरफलासारखा गळून पडला. मांत्रिकाची मूठभर राख झाली. आजूबाजूच्या दगडी माणसांनी खोल श्वास घेतले, बोचकी सावरली आणि आपापल्या गावांच्या वाटा विचारू लागली.

दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. राजानं फर्मान तिथल्या तिथे मोडलं. ज्याला जसं विचारायला आवडेल तसं त्यानं विचारावं, फक्त पहिल्या नकाराला पाठ फिरवू नये, असं त्यानं सांगितलं. मग अनवाणी भावाला त्यानं आपल्या घोड्यावर बसवलं आणि लगाम धरून स्वतः पायी निघाला.

गुहा मागे पडली, नदी मागे पडली. वेशीपाशी आल्यावर पुष्पकेतू वरून म्हणाला, "दादा, त्या दिवशी दाराशी मी किती वेळ थांबलो होतो, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे," राजा म्हणाला. "मी मोजत होतो."

अशी ही दोन भावांची कथा. त्यांचं घर जसं पुन्हा भरलं, तसं ऐकणाऱ्यांचं आणि सांगणाऱ्यांचंही भरलेलं राहो.