तंबूतला राजा आणि गवतातला भुंड्या

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही. कुत्र्याचं मात्र आठवतं. त्याचं नाव भुंड्या.

शेपूट तुटलेला हा कुत्रा कुणाचाच नव्हता. राजाची फौज शत्रूवर चालून निघाली, तेव्हा भाकरीच्या तुकड्याच्या आशेने तो मागे लागला आणि फौजेचाच झाला. फौजेबरोबर दरबारची चितारीणही होती. राजाचा पराक्रम डोळ्यांनी बघायचा आणि परतल्यावर रंगवायचा, हे तिचं काम.

एका खोऱ्यात तळ पडला. दुपारी सगळे पोटभर जेवले आणि राजासकट, पहारेकऱ्यांसकट आडवे झाले. चितारीणही सावरीच्या झाडाखाली डुलक्या घेऊ लागली. तेवढ्यात उंच गवतातून शत्रू सरपटत आला. तो एकट्या भुंड्याला दिसला. त्याने भुंकून भुंकून सारा तळ उठवला आणि छातीवर भाला झेलून तिथेच पडला.

लढाई राजाने जिंकली. परतताना नगारे राजाच्या नावाने वाजले. भुंड्याचं नाव कुणी काढलं नाही, याचा चितारणीला मनापासून राग आला.

राजाने त्या खोऱ्याचं भिंतभर चित्र मागवलं. तिने जवसाच्या तेलात रंग घोटले आणि कापडावर सगळं खोरं उभं केलं. निळे डोंगर, पिवळं गवत, सावर, आणि मधोमध चारी पाय रोवून भुंकणारा भुंड्या. त्याच्यावर तिने रंगाचे जाड थर दिले, अगदी मायेने.

राजा बघायला आला. "यात आम्ही कुठे आहोत?"

"त्या पांढऱ्या तंबूत, महाराज. झोपला आहात."

दरबारी आपापल्या पायांकडे बघू लागले. राजाने हुकूम सोडला, की दसऱ्याच्या दरबाराआधी कुत्र्याच्या जागी आपण घोड्यावर दिसलो पाहिजे, नाहीतर चितारणीने राज्य सोडावं.

चितारणीचं घर, चाकरी, जन्मभर कमावलेलं नाव, सगळंच जाणार होतं. तिने एकदा भुंड्याकडे पाहिलं आणि तिची मान ताठ झाली.

"रंग दरबाराचे आहेत, महाराज. पण मी आज जिवंत आहे ती याच्यामुळे, आणि आपणही. या हातांनी मी त्याला पुसणार नाही."

तिने कुंचले धुतले, पदरात बांधले आणि राज्याची वेस ओलांडली.

दुसरा चितारी आला. तेलरंग सावकाश वाळतो, ओल्या थरावर घाईने दुसरा चढवला तर वरचा तडकतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण राजाला थांबा म्हणायची त्याची छाती झाली नाही. चाकरी कुणाला नको असते? भुंड्यावर घोडा चढला, घोड्यावर राजा चढला, आणि दसऱ्याला वाहवा झाली.

उन्हाळा आला तसा घोडा तडकला. आधी पोटाला भेग पडली, मग खपली निघाली, आणि आतून एक काळं नाक बाहेर आलं. चिताऱ्याने डागडुजी केली, ती टिकली नाही. शेवटी परराज्याच्या वकिलाने भर दरबारात विचारलं, की घोड्याच्या पोटातून भुंकणारा हा कुत्रा कुणाचा?

दारावरचा एक म्हातारा शिपाई म्हणाला, "आमचा भुंड्या आहे तो." त्याने तोंड उघडलं तसा त्या दुपारी तळावर असलेला एकेकजण बोलू लागला.

राजाची मान खाली गेली. चित्र नीट करून द्यावं म्हणून त्याने चितारणीला पालखी पाठवली. पालखी रिकामी परत आली. सोबत निरोप होता, "माझं चित्र केव्हाच पुरं झालंय. वरचं खरवडायला चितारी लागत नाही."

अखेर राजाने स्वतःच सुरी हातात घेतली. घोडा गेला, घोड्यावरचा राजाही गेला. भुंड्या गवतात पुन्हा उभा राहिला, आणि राजा पांढऱ्या तंबूत झोपलेला राहिला तो कायमचाच.

तात्पर्य: उपकार करणाऱ्याला झाकता येतं, पुसून टाकता येत नाही.