तांदळाएवढी फट

एका राज्यात एक बंद पेटी होती, आणि ती बंद आहे एवढेच तिथल्या प्रतापशेखर राजाच्या डोळ्यांत खुपत होते. आत शापित धन आहे, हात लावू नये, असे वाडवडील सांगून गेले होते. राजाने घण घालून ती फोडली. धन कुठले नि काय! आतून काळा धूर निघाला, शेजारी उभ्या असलेल्या राजकन्या कुंदवेलीच्या अंगात शिरला, आणि तिची साळुंकी झाली.

राजा मांत्रिकाकडे धावला. मांत्रिक म्हणाला, "राजा, वनात शिसवाचे एकच झाड उभे आहे. त्याची नवी पेटी स्वतःच्या हाताने कर. आधी तळ, मग भिंती, शेवटी झाकण. झाकण ठेवताच शाप आत ओढला जाईल. फट राहिली, तर मुलगी कायमची पक्षी."

राजाने जन्मात करवत धरली नव्हती. लोक हसतील म्हणून त्याने खजिन्यातला मोजमापाचा सोन्याचा गज मागवला नाही. वेष पालटून बाजारात गेला आणि बांबूची स्वस्त मोजपट्टी घेऊन आला. साळुंकी पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. पक्ष्यांना असले कळते, त्यात नवल नाही.

"तात, ही पट्टी खऱ्या गजाहून तांदळाएवढी लांब आहे."

"मग फेकून देऊ, बाळ?"

"नको. सगळे काम हिनेच करा. चूक सगळीकडे सारखी झाली, तर पेटी बिनचूक बसेल."

तळ झाला. भिंती झाल्या. राजाच्या बोटांना फोड आले, पण कोपऱ्याला कोपरा असा जुळला की स्वारी स्वतःवरच खूश झाली. घोटाळा इथेच झाला. आता लपवायचे कशाला, म्हणून उरलेले झाकण करायला त्याने पेटी दरबारात आणवली.

प्रधान म्हणाला, "महाराज, राजकन्येची सुटका बाजारातल्या पट्टीने? शोभत नाही."

तबकातून सोन्याचा गज आला. साळुंकी ओरडली, "तात, तीच पट्टी घ्या!" पण भर दरबारात राजाला त्या बांबूची लाज वाटली. त्याने सोन्याचा गज उचलला.

सोन्याचा गज केसभरही खोटा नव्हता. झाकण अगदी एक गज भरले. पट्टीने मोजलेली पेटीच तांदळाएवढी मोठी होती. झाकण ठेवताच धूर आत गेला, आणि उजव्या कडेला राहिलेल्या तांदळाएवढ्या फटीतून पुन्हा बाहेर डोकावू लागला. शिसव संपले होते. राजा साळुंकीकडे वळला.

"बाळ, माझे चुकले. तुझे ऐकायला हवे होते."

साळुंकीने उजव्या पंखाचे कडेचे पीस चोचीने उपटले आणि फटीत घट्ट बसवले. धूर थांबला. शाप तुटला, आणि कुंदवेली माणूस होऊन उभी राहिली. नगारे वाजले, हत्तीवरून साखर वाटली गेली, पेटी खोल पुरली गेली. एका कामाला एकच माप, अशी राजाने दवंडी पिटवली. राजकन्येच्या उजव्या हाताला मात्र करंगळी नव्हती.

पुढे एकदा ती परकराचे कापड वितीने मोजायला बसली. अंगठा टेकला, हात ताणला, आणि करंगळी टेकायची तिथे काहीच नव्हते. तिने शेजारचे बोट टेकवले. राजाने मान फिरवली.

"इकडे बघा ना, तात," ती म्हणाली. "वीत आखूड झाली माझी. पण सगळे कापड मी हिनेच मोजते आहे."

परकर अगदी मापात झाला. राजाला मात्र तो पाहताना दरवेळी रडू येई.