चुना न लावलेली भिंत

कोळशाने गणितं सोडवलेली भिंत अभ्यासाचं टेबल म्हणून धरतात का? धाकट्या बहिणीचा फॉर्म भरताना मी शाळेत विचारलं होतं.

आमची चुरमुऱ्यांची भट्टी. बहीण प्रणिता चुरमुरे भाजता भाजता शेजारच्या भिंतीवर गणितं करायची. दर दिवाळीला बाबा घराला चुना लावायचे, पण ती भिंत सोडून.

आई-बाबा टेम्पोच्या अपघातात गेले, त्याच महिन्यात दहावीच्या खास तुकडीची निवड होती. निवडीत घरच्या सोयींनाही चाळीस गुण होते; मुख्याध्यापक कडूसकरांनी आमच्या घराचा फॉर्म वाचला. वेगळी खोली नाही, टेबल नाही, पालक नाहीत.

“चाळीसपैकी चार! असल्या घरातली मुलगी या तुकडीत टिकायची नाही.”

“आणि चाचणीत तिला किती, सर?”

“शंभरपैकी एक्क्याण्णव. पण तू कितवी शिकलास रे?”

“चौथी. तरी एवढं कळतं, सर. चार घराला मिळाले, एक्क्याण्णव पोरीला. बाकावर घर बसणार असेल तर नाव खोडा. पोरगी बसणार असेल तर लिहा.”

कारकून फिस्सकन हसला. सरांनी मान खाली घालून प्रणिताचं नाव लिहिलं.

यंदा आम्हाला सण नव्हता. तरी दिवाळीआधी मी घराला चुना लावला, ती भिंत सोडून. आई-बाबांसाठी एवढंच शेवटचं करता आलं.